नाव, एक जून आणि विमानतळ

(कोसबाड, ता. डहाणू इथे भरलेल्या तरुणांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



माझा विषय ऐकून काल दोघातिघांनी विचारलं, ‘सर, हे आपल्या शिबिरात कशाला?’ विषय आहे विमानतळावरचे संगणक आणि त्यांना बाहेरून मिळणारी माहिती. प्रश्न रास्त आहे. आपल्यातले निम्मे अजून विमानात बसलेले नाहीत. पण गेली सतरा वर्षं मी याच कामावर पोट भरतोय, आणि या कामात माझ्या हातून झालेली एक चूक मला तुम्हाला सांगायची आहे.

सुरुवात काल रात्रीपासून करतो. जेवणं झाल्यावर आपण टेकडीवर बसलो होतो, खाली चिकूच्या वाड्या अंधारात आणि वर विमानाचे दिवे सरकत होते. एका मुलाने मोबाइल काढला आणि विमान कुठून आलं, कुठे चाललंय, किती उंचीवर आहे, सगळं सांगितलं. त्याला ते कसं कळलं? विमान स्वतःच सेकंदागणिक आपली जागा रेडिओवरून जाहीर करत असतं, १०९० मेगाहर्ट्झवर. जगभर हौशी माणसांनी घरांच्या छतांवर छोटे अँटेना लावलेत. ते हे संदेश ऐकतात आणि इंटरनेटवरून पुढे पाठवतात. अशी माहिती विमानतळांनाही कामाची असते, कारण विमान नेमकं कधी टेकणार हे त्यांना आधी कळायला हवं. विमानतळाच्या मालकीची नसलेली माहिती त्याच्या यंत्रणेत आणून बसवायची, हे माझं काम.

खरं तर विमानतळाला स्वतःचं असं फार थोडं ठाऊक असतं. मधोमध एक मोठी वही असते म्हणा, त्या दिवसाच्या सगळ्या उड्डाणांची. आमच्या धंद्यात तिला एओडीबी म्हणतात. त्या वहीत वेळापत्रक लिहिते विमान कंपनी. विमान आकाशात कुठे आहे ते सांगतो हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष. धुकं, वारा, पाऊस सांगतं हवामान खातं. तुमच्या बॅगेवरच्या पट्टीचा नंबर कंपनीच्या चेक-इन यंत्रणेतून सामान वाटणाऱ्या पट्ट्यांकडे जातो. आणि प्रवासी कोण, ही माहिती तिकीट काढणाऱ्यापासून निघून कंपनी, विमानतळ, कस्टम्स, इमिग्रेशन, उतरायच्या देशाचं सरकार अशी फिरते. यातल्या काही तारा चाळीस-पन्नास वर्षं जुन्या पद्धतीच्या आहेत, टेलिप्रिंटरच्या जमान्यातल्या. सगळी अक्षरं कॅपिटल आणि ओळीची लांबी ठरलेली. नव्या ॲपच्या पोटात आजही तोच संदेश धावतो.

तार तुटली की काय होतं ते आपण पाहिलंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीचं एक सदोष अपडेट जगभरच्या विंडोज संगणकांवर गेलं आणि आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत हवाई नियंत्रणाची संदेश पोचवणारी यंत्रणा बिघडली, तर नियंत्रकांना उड्डाणांच्या योजना हाताने भराव्या लागल्या आणि शेकडो विमानं रखडली. या बातम्या होतात, कारण सगळ्यांनाच त्रास होतो. दोन दिवसांत निस्तरतंही. मला आज तुटलेल्या तारेबद्दल बोलायचं नाही. तार शाबूत असते, संदेश अगदी वेळेवर पोचतो आणि त्यात माहिती चुकीची असते, त्याबद्दल बोलायचंय. तिथे रखडतो एकच माणूस, आणि त्याची बातमी होत नाही.

आता माझी चूक. सन २०११. आखातातल्या एका विमानतळाचं काम होतं. विमान कंपन्यांकडून येणाऱ्या यादीत प्रवाशाचं नाव आणि त्याला चिकटून, मध्ये जागा न सोडता, मिस्टर किंवा मिस असायचं. म्हणजे सलीमच्या पुढे ‘एमआर’ जोडून एकच शब्द. तुमच्या जुन्या बोर्डिंग पासवर बघा, अजूनही असंच छापलेलं असतं. आमच्या पुढच्या यंत्रणेला नाव वेगळं आणि स्त्री-पुरुष वेगळं हवं होतं. मी नियम लिहिला: नावाच्या शेवटी एमआर, एमआरएस, एमएस किंवा डीआर दिसलं तर ते कापा आणि त्यावरून स्त्री की पुरुष ते ठरवा. चाचणीला नावं घेतली जॉन, मेरी, डेव्हिड. सगळं पास.

‘शम्स’ इंग्रजीत लिहा. एस, एच, ए, एम, एस. शेवटची दोन अक्षरं कोणती? एमएस. ज्या कंपनीने त्याच्या नावापुढे मिस्टर लावलंच नव्हतं, तिच्या यादीतून आलेला शम्स माझ्या नियमातून बाहेर पडला तो ‘शा’ होऊन, आणि बाई होऊन. तसाच ‘अम्र’चा नुसता ‘ए’ होतो. ‘बद्र’चे शेवटचे डीआर जातात, उरतो ‘बा’, शिवाय तो डॉक्टर होतो. आमच्या गटात मुसलमान मी एकटाच होतो. माझ्या चुलतभावाचं नाव शम्सुद्दीन आहे, घरी त्याला शम्सच म्हणतो. तरी मला सुचलं नाही. चाचणीची नावं मी दुसऱ्याच्या यादीतून उचलली होती.

तो शम्स बांधकामावर काम करणारा माणूस होता, सुट्टीवर घरी निघालेला. सीमेवरच्या यंत्रणेत पासपोर्टवरचा पुरुष आणि यादीतली बाई जुळेना. चार तास त्याला बाजूला बसवलं. विमान गेलं. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, तक्रारीचा एक नंबर म्हणून. नियम दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली आणि मी मोकळा झालो. पाच महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा अडवल्याची तक्रार आली. माझ्याकडची चूक दुरुस्त झाली होती, पण चुकीची नोंद तोवर आणखी तीन यंत्रणांत उतरली होती, आणि ती परत बोलावण्याची सोय आम्ही कुणीच केलेली नव्हती. माहिती पुढे पाठवायला पाइप होता, दुरुस्ती पाठवायला नव्हता. या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

हे वाचून कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय? आपल्या नावांकडे जरा संगणकाच्या बाजूने बघा. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नावासाठी वीस जागा आहेत. शेख, इंग्रजीत सहा अक्षरं. मग एक तिरकी रेघ. अब्दुलरहमान, अकरा. मिस्टर, दोन. झाले वीस. वडिलांचं नाव बाहेरच. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी असतात, यंत्राने वाचायच्या, त्यात नावासाठी एकोणचाळीस जागा. तिथे फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि मोकळ्या जागी बाणासारखी खूण. आपल्या घरांत एकाच ‘शेख’चं स्पेलिंग तीन तऱ्हेचं असतं. मोहम्मदचं तर विचारूच नका. त्यात कुणी ‘एमडी’ लिहितो, तो कुठे डॉक्टर समजला जातो आणि हल्ली पोलिसांच्या बातम्यांमुळे भलताच अर्थ निघतो. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख सलीम इब्राहिम’, आधारवर ‘सलीम शेख’, पासपोर्टवर आडनावाच्या जागी ‘सलीम इब्राहिम शेख’ सगळंच. माणसाला कळतं की हा एकच सलीम. यंत्राला तीन सलीम दिसतात.

माझ्या मामूंच्या पासपोर्टवर एकच शब्द होता. आडनावाची जागा कोरी. आयुष्यभर काही अडलं नाही. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने ठरवलं की ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्याला भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश नाही. काही दिवसांत खुलासा झाला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. मामूंच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव होतं. पण काउंटरवरच्या मुलीच्या पडद्यावर जुना नियम होता. मुलीच्या बाळंतपणाला निघालेला माणूस तिथून घरी परत आला. ती मुलगी वाईट वागली नाही, हे मामूच सांगतात. तिने दोनदा प्रयत्न केला, पडदा लाल झाला, आणि लाल पडद्यापुढे तिला कुठलाच अधिकार नव्हता.

नावं सारखी असतील तर जन्मतारीख बघतात, हा जगभरचा तोडगा आहे. अमेरिकेने २००९ पासून प्रवाशाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग मागायला सुरुवात केली ती याचसाठी. उपाय चांगला आहे. पण महाराष्ट्रात तो कुठे अडखळतो सांगा. (सभागृहातून: एक जून!) बरोबर, एक जून. किती जणांचे आईवडील एक जूनचे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. आपले आजोबा, वडील शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी प्रवेशासाठी बसेल अशी तारीख टाकली. या कोसबाडच्या आजूबाजूच्या पाड्यांवरही तेच. तिथे बुधवारी जन्मला तो बुध्या, शुक्रवारचा तो शुक्र्या, आणि दाखल्यावर सगळे एक जूनचे. म्हणजे ‘सलीम शेख, १ जून १९६२’ या नावाची आणि तारखेची किती माणसं एकट्या ठाणे-पालघरमध्ये असतील याचा अंदाज करा. ज्या देशात यंत्रणा बनते तिथे नाव आणि जन्मतारीख म्हणजे जवळजवळ अंगठ्याचा ठसा. आपल्याकडे ती एक गर्दी असते.

याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. बोर्डीत १९४५ साली सुरू झालेली त्यांची बालशिक्षणाची संस्था पुढे इथे आली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या अंगणात गेल्या, गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. नोंदवहीला बसेल असं मूल शोधत राहिल्या नाहीत. यंत्रणा बांधणाऱ्याने एकदा तरी इथे येऊन जावं असं मला वाटतं, पण ते असो.

आता याद्यांकडे येतो. अडवण्याच्या याद्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये शाहरुख खानला अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर थांबवून ठेवलं, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या पाच वर्षं आधी, ऑगस्ट २००४ मध्ये, सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितलं की त्यांनाही विमानतळावर वारंवार अडवलं गेलं; यादीत तशाच एका टोपणनावाची नोंद होती. केनेडींचा फोन थेट मंत्र्यापर्यंत जात होता, तरी नाव सुटायला काही आठवडे लागले. शम्सचा फोन कुठपर्यंत जाणार?

एक गणित करा. मुंबई विमानतळावरून वर्षाला पाच कोटींच्या वर प्रवासी ये-जा करतात. समजा नाव जुळवणारी एखादी यंत्रणा हजारात फक्त एकदा चुकते, म्हणजे ९९.९ टक्के बरोबर. ऐकायला उत्तम. पाच कोटींत ते पन्नास हजार होतात, रोजचे सुमारे १३७ निरपराध लोक. आणि हे १३७ सगळ्या नावांत सारखे वाटले जात नाहीत. ज्यांची नावं एकसारखी, स्पेलिंग अनेक आणि यादीत त्या जातीची नावं जास्त, त्यांच्याच वाट्याला ते येतात. त्यासाठी कुणी आपला द्वेष करायची गरज नाही. काही वेळा द्वेषही असतो. काउंटरवरचा शेरा आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर द्वेषाची तक्रार केली तर समोरचा खरोखरच गोंधळतो, कारण त्याने काहीच केलेलं नसतं.

यात मला सगळ्यात शिकवणारा खटला रहिना इब्राहिम यांचा वाटतो. मलेशियाच्या वास्तुशास्त्राच्या अभ्यासक, स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या. २ जानेवारी २००५ ला त्या मुलीला घेऊन सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर आल्या. शस्त्रक्रियेनंतर बऱ्या होत होत्या, म्हणून व्हीलचेअर हवी होती. काउंटरवर नाव टाकलं, आणि त्यांना बेड्या घालून कोठडीत नेलं. दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं, पण नंतर व्हिसा रद्द झाला आणि पीएचडी पूर्ण करायलाही त्या परत येऊ शकल्या नाहीत. नऊ वर्षं त्या लढल्या. खटल्यात जे बाहेर आलं ते असं: २००४ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने एक फॉर्म भरला. कोणत्या याद्यांत नाव घालू नये त्यावर खूण करायची होती. त्याने उलट वाचलं. बस्स. ही चूक आपली, हे त्याला कळलं २०१३ साली जबाब देताना. २०१४ च्या निकालात न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी नोंदवलं की एका ठिकाणची वाईट नोंद एकमेकांना जोडलेल्या सगळ्या सरकारी यंत्रणांत पसरत जाते, आणि ती जिथे जिथे गेली तिथून तिथून पुसून तसं कळवण्याचा आदेश दिला. एका फॉर्मवरची चुकीची खूण पुसायला नऊ वर्षं आणि न्यायालय लागलं. माझ्या शम्ससाठी तर कुणी न्यायालयात गेलंही नाही.

आपल्या देशात काय? ऑगस्ट २०२२ मध्ये कस्टम्सने नियम काढले: आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तिकिटाची नोंद, म्हणजे पीएनआर, विमान कंपन्यांनी उड्डाणाच्या चोवीस तास आधी सरकारला द्यायची. पैसे कसे भरले, सोबत कोण आहे, सामान किती, संपर्काचा पत्ता. ही माहिती पाच वर्षं ठेवता येते. तस्करी आणि मोठे गुन्हे रोखण्यासाठी अशी देवाणघेवाण बहुतेक देश करतात, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१७ च्या डिसेंबरमध्ये तसा ठरावच केलाय. माझा त्याला सरसकट विरोध नाही. चोर पकडले जावेत. आपल्या नियमांत एक चांगलं कलमही आहे: या माहितीतून माणसाचा वंश, राजकीय मत, धर्म वगैरे उघड होईल अशी प्रक्रिया करायची नाही. पण तिकिटाच्या नोंदीत जेवणाची मागणीही असते, आणि विमान कंपन्यांच्या भाषेत मुस्लिम जेवणाला एमओएमएल असा चार अक्षरी कोड आहे. नाव तर आहेच. तेव्हा कलम पाळलं जातंय की नाही हे बाहेरच्या कुणी तपासावं लागेल. युरोपच्या न्यायालयाने २१ जून २०२२ ला सांगितलं की ज्या प्रवाशावर कसलाच संशय नाही त्याची माहिती सहा महिन्यांच्या पुढे सरसकट ठेवता येणार नाही. आपल्याकडे त्याच वर्षी पाच वर्षं ठरली.

डिजियात्राबद्दल काल बरेच प्रश्न आले. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुणे आणि मुंबईत आलं. चेहरा दाखवून आत जाता येतं. ओळख फोनमध्येच राहते, आणि उड्डाणानंतर चोवीस तासांत विमानतळावरून माहिती पुसली जाते असं धोरणात आहे. ते ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. दारावरचा मुलगा फोन मागून ‘चेहरा दाखवा’ म्हणाला तर ‘नको, ओळखपत्र दाखवतो’ म्हणायचा हक्क आहे. वापरायचं असेल तर तिकिटावरचं नाव ओळखीवरच्या नावाशी जुळायला हवं. म्हणजे आलो पुन्हा शेखच्या स्पेलिंगपाशी.

नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. इथून जवळच वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आणि त्या बाजूला मुंबईचं तिसरं विमानतळ करण्याची सरकारची घोषणा आहे. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे, तो विषय वेगळा आणि मोठा आहे. पण या विमानतळांत तुमच्यापैकी काही जण नोकरीला लागतील, काउंटरवर किंवा माझ्यासारखे कोडमागे. त्यांना चार गोष्टी सांगतो. आलेलं नाव कापा-जोडा, पण मूळ जसं आलं तसं शेजारी जपून ठेवा. प्रत्येक नोंदीसोबत ती कुणाकडून, कधी आली ते लिहा. जिथे जिथे माहिती पाठवाल तिथे दुरुस्तीही पाठवता आली पाहिजे. ठेकेदार म्हणेल हे कामाच्या यादीत नाही, तेव्हा भांडा. आणि चाचणीच्या यादीत शम्स, अम्र, बुध्या आणि एक जूनचे पंधरा सलीम शेख घाला. मी आता घालतो.

प्रवास करणाऱ्यांनी घरच्या कागदांची आजच झाडाझडती घ्यावी. यात आपला आळस मोठा आहे, आणि मुलींच्या नावांबाबत तर जास्त. लग्नानंतर अर्ध्या कागदांवर एक नाव, अर्ध्यांवर दुसरं. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी सोडू नका. तिकीट काढताना एजंटला आधार देऊ नका, पासपोर्ट द्या. अडवलं तर आवाज चढवण्याआधी विचारा: कोणत्या यंत्रणेत अडलंय, विमान कंपनीच्या, की इमिग्रेशनच्या, की पलीकडच्या देशाच्या? वेळ, काउंटर, सांगितलेलं कारण लिहून घ्या, जमलं तर लेखी मागा. कारण दुरुस्ती फक्त नोंदीचा मालकच करू शकतो, आणि मालक कोण हे तिथेच कळतं. अमेरिकेला जाणाऱ्यांना वारंवार त्रास होत असेल तर त्यांच्या गृहसुरक्षा खात्याकडे अर्ज करता येतो. तिथून एक नंबर मिळतो, तो तिकिटात घालायचा. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. सरकारला मात्र आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते, आणि ती सूट कुणाला मिळते यावर आपल्या वकील मित्रांनी डोळा ठेवावा.

मामू गेल्या वर्षी जाऊन आले. नव्या पासपोर्टवर आडनाव आहे. नात तीन वर्षांची झाली होती.

जेवणानंतर मी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार आहे. ज्यांनी पासपोर्ट आणलेत त्यांनी आधार आणि दहावीचा दाखला घेऊन या. तळाच्या दोन ओळी कशा वाचायच्या ते बघू, आणि तिन्ही कागदांवर तुम्ही एकच माणूस आहात का ते तपासू.